प्रवासलेखांतली माणसे आणि प्रत्यक्षातली गावे : अनुभव धागा

नमस्कार मंडळी,

एखाद्या प्रवासलेखकाने वर्षानुवर्षे मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून लिहिलेले लेख जेव्हा एकत्र पुस्तकरूपाने हाती येतात, तेव्हा गावांइतकीच लेखकाची नजरही स्पष्ट दिसू लागते. तो कुठे रेंगाळला, कोणाशी बोलत बसला आणि कोणाला नुसते ओझरते पाहून पुढे निघाला, हे सारे ध्यानात येते. रस्ते बदलतात, धर्मशाळांच्या जागी हॉटेले उभी राहतात, तरीही काही प्रवासवर्णने टिकतात ती त्यांतल्या माणसांमुळे, असे माझे ठाम मत आहे.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये मथुरेच्या यज्ञातील दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. 'माझा प्रवास' त्यांनी १८८३ साली आठवणीतून लिहून काढला आणि चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात झाशीच्या वेढ्याचे अंगावर काटा आणणारे वर्णन आहे. परंतु माझ्या मनात कायमची घर करून राहिली ती काल्पीच्या वाटेवरची विहीर. धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी तेथे येते, भटजी पाणी काढू लागतात, आणि विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदू नये म्हणून ती स्वतः मडके हाती घेते. राणीची थोरवी सांगण्यासाठी भटजींना आणखी एकही विशेषण वापरावे लागत नाही.

या धाग्यावर आपण आपले असे अनुभव लिहावेत, ही विनंती. कोणत्या लेखाने आपल्याला एखाद्या गावी नेले, तेथे कोण भेटले, आणि लेखातले गाव व प्रत्यक्षातले गाव यांत काय जुळले, काय जुळले नाही? सहलीचा कार्यक्रम आणि खर्चाचा तपशील कृपया नको.

कृष्णाकाठ

इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख महाविद्यालयात असताना वाचला होता आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आळंदीच्या पालखीबरोबर चाललो. बाईंनी वारीचे भाबडे गुणगान केले नाही, म्हणून तो लेख मला मोठा वाटतो. एकाच दिंडीत दिवसभर एकत्र अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसतात, ही गोष्ट त्यांना सलत राहते आणि ते त्या लपवत नाहीत. त्याच लेखात, ज्या भूमीतले लोक पंढरीच्या वारीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्याही त्यांना सापडते. सल आणि व्याख्या एकाच वाटेवर सापडल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आमच्या दिंडीत पंगत एकच होती. दिवेघाट चढून सासवडच्या मुक्कामी पोहोचलो तेव्हा शेजारच्या राहुटीत परभणीकडची एक वयस्कर बाई पायांना खोबरेल चोळत बसली होती. डोक्यावर तुळस घेऊन ती अख्खा घाट चढली होती. ''मावशी, थकला असाल,'' असे म्हणताच तिने उलट मलाच विचारले, ''माउली, तुमच्याकडं पेरण्या झाल्या का?'' पुढचा अर्धा तास आम्ही सोयाबीनच्या बियाण्याचे भाव, लांबलेला पाऊस आणि तिच्या सुनेवर टाकून आलेले शेत यांविषयी बोललो. वारीविषयी तिने एक अक्षरही काढले नाही. 'वाटचाल' वाचलेला नसता, तर मी तिच्याकडून भक्तीविषयी चार वाक्ये काढून घेण्याचा प्रयत्न केला असता आणि तिचे शेत माझ्या कानांवर आलेच नसते.

वाचनवेल्हाळ

आईच्या आजारपणामुळे मी फारसा प्रवास करू शकत नाही, त्यामुळे माझा अनुभव केवळ वाचनाचा आहे. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' हे रशियाच्या प्रवासाचे पुस्तक मी सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यानंतर वाचले. त्यातील आशा इतिहासजमा झाली असली तरी एका मराठी माणसाने ती किती उत्कटतेने बाळगली होती, हे आज फक्त तेथेच कळते. अशी पुस्तके शिळी होतात, असे मला वाटत नाही.

कावेरीतीर

तंजावरविषयीचे मराठी लेख बहुधा एकाच सुरात लिहिलेले असतात: राजराज चोळाचे भव्य मंदिर, मग सरस्वती महाल ग्रंथालय, आणि शेवटी 'आपली' मराठी तेथे अजून कशी जिवंत आहे याचा अभिमान. मीही तेच शोधत गेलो होतो. बृहदीश्वराच्या आवारातला भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा, सरफोजी राजांच्या काळातला १८०३ चा मराठी शिलालेख वाचताना एका वृद्ध गृहस्थांशी ओळख झाली. ते घरी तंजावरी मराठी बोलत होते. मात्र त्यांचे सारे शिक्षण तमिळमध्ये झाले होते आणि पत्रेही ते तमिळमध्येच लिहीत. मी दोनतीनदा त्यांच्या मराठीचे कौतुक केल्यावर ते शांतपणे म्हणाले की येणारा प्रत्येक जण त्यांना बोलायला लावतो, पण त्यांना काय सांगायचे आहे ते कोणी विचारत नाही. त्यांना सांगायचे होते ते कावेरीच्या पाण्याविषयी, कालव्याला पाणी उशिरा सुटल्यामुळे गेलेल्या भाताच्या हंगामाविषयी. धागाकर्त्यांनी 'ओझरते पाहून पुढे निघाला' असे लिहिले आहे, त्याची ही दुसरी बाजू म्हणावी लागेल: कौतुकानेही माणूस नजरेआड होतो.

निळीचे बोट

कच्छवरच्या लेखांत 'रंगीबेरंगी' हा शब्द इतक्या वेळा येतो की त्यामागचे श्रम दिसेनासे होतात. भुजजवळच्या अजरखपूरला गेले तेव्हा तेथल्या, ठशांनी कापड छापणाऱ्या एका खत्री कारागिराने मला आधी कापड दाखवले नाही, पाणी दाखवले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर त्यांच्या धमडका गावातले पाणी आटत गेले आणि म्हणून काही कुटुंबांनी हे नवे गाव वसवले. रंग धरणे न धरणे पाण्यावर अवलंबून असल्यामुळे पाणी बघूनच जागा ठरवावी लागली.

मग त्याने काळ्या रंगाचे पिंप उघडले. भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात दिवसेंदिवस भिजत ठेवलेला होता, वर फेस आला होता आणि आंबूस वास सुटला होता. ते पाणी गाळून, चिंचोक्याच्या पिठाने दाट करून ठशाला लावतात. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढलेले असते, त्यामुळे लोखंड त्यावर टेकताच काळी रेघ उमटते. जिथे पांढरे राहायला हवे तिथे चुना आणि डिंक, जिथे लाल हवे तिथे तुरटी, त्यानंतर नीळ, मग पुन्हा धुणे, वाळवणे आणि मंजिष्ठेच्या लाल रंगात उकळणे. एवढे सगळे सांगताना त्याचे हात थांबले नाहीत. ठसा मागच्या ठशाला बिनचूक भिडवत तो पुढे सरकत होता. मला असे प्रवासलेख हवे आहेत ज्यांत हे पिंप असेल.

दिवाडकर

आपण सर्वांनी पाहुणे म्हणून लिहिले आहे. मी ज्यांच्यावर लेख लिहिले जातात त्यांच्या बाजूने लिहितो. गोव्यातल्या आमच्या दिवाडी बेटावर लोक फेरीबोटीने येतात, चर्च आणि जुनी घरे पाहतात, आणि पुढे छापून येते की येथे काळ थांबला आहे. मांडवीच्या खाऱ्या पाण्यापासून आमची खाजण शेती राखणारे बांध मात्र बहुतेकांच्या लेखांत नसतात. बांधात मानस, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याची मोरी असते. भरतीच्या दाबाने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी नदीत सोडतात. खारेपण सोसणारे कोरगुट भात याच जमिनीत पिकते. बांध फुटला तर खारे पाणी शिरून शेत पडीक होते, मग येथे काळ थांबला आहे असे कोणी कसे म्हणावे?

धागाकर्ता

दिवाडकर, आपण मोलाचे लिहिलेत. या बांधांची देखभाल कोण करते, तेही कृपया लिहावे.

दिवाडकर

पूर्वी ही जबाबदारी गावकारीची, म्हणजे गावची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या कोमुनिदाद या संस्थेची असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघांकडे आली. मानशीवर मासळी धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव होतो आणि त्या पैशांतून डागडुजी व्हावी, अशी अपेक्षा असते. ती कुठे नीट होते, कुठे होत नाही, यावर आमच्याकडे कडाक्याची भांडणे होतात. आमच्यावर लिहू इच्छिणाऱ्यांनी डिसेंबरऐवजी जून-जुलैत यावे आणि लावणीच्या वेळी बांधावर उभे राहून ही भांडणे ऐकावीत.