पावसाळ्यात पियानोच्या पट्ट्या अडकतात

प्रश्न: कोल्हापुरात, राजारामपुरीत अपराइट (उभा पियानो) आहे. जुलैपासून मधल्या सप्तकाच्या पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, सूरही चढलाय. मुलीचा मैफलीचा रियाज चालू आहे. काय करावं?

उत्तर: पट्टीच्या पिनेभोवतीचं फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं कापड) ओल धरून फुगलंय. कृपा करून तेल सोडू नका, फेल्ट वाया जातं! पियानो बाहेरच्या भिंतीपासून हलवा, डिह्युमिडिफायरने आर्द्रता 45 ते 55 टक्के राखा.

उत्तर: साउंडबोर्ड (तारांमागची लाकडी फळी) फुगून तारा ताणतो, म्हणून सूर चढतो. आत्ताच उतरवलात तर हिवाळ्यात 440 हर्ट्झ या प्रमाण सुराच्या खाली जाईल. आधी दोन आठवडे हवा स्थिरावू द्या, मग ट्यूनिंग.

उत्तर: मैफल ग्रँडवर (आडव्या, मोठ्या पियानोवर) असेल तर आधी काही दिवस मुलीला ग्रँडवरच बसवा. पियानो बनवणाऱ्या एरारच्या 1821 च्या रचनेमुळे तिथे पट्टी अर्धी उठली तरी स्वर पुन्हा वाजतो. अपराइटवर ती जवळजवळ पूर्ण उठावी लागते.