मदत हवी आहे: क्ले बार (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीची वडी) काळ्या गाडीवर चालवावा का?

मंडळी, माझी काळी स्विफ्ट रोज मनमाड स्टेशनाजवळ रेल्वे रुळांच्या कडेला उभी असते. धुतली की चकाचक दिसते, पण कुणाच्या तरी सांगण्यावरून हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून बोटं फिरवली, तर सँडपेपरच! चाकांच्या आणि ब्रेकच्या घर्षणातून उडणारे लोखंडाचे बारीक कण रंगात रुतून बसलेत, असा माझा अंदाज. शाम्पूने ते हलत नाहीत.

फाइन ग्रेडचा १०० ग्रॅमचा क्ले बार मागवलाय. हात जोर न लावता सरळ रेषेत फिरवायचा, गोल नाही, आणि वडी मळकट झाली की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्यायची, इतपत कळलं. पण काल सराव करताना वडी अंगणात पडली. खाली वाळू होती. बायको म्हणते धुऊन घ्या, मला धीर होत नाही. टाकूनच द्यावी ना?

दुसरं, ल्युब्रिकंट (वडी रंगावरून घसरावी म्हणून फवारायचा द्रव) संपलं तर कार शाम्पूचं पाणी चालेल का? इथलं बोअरचं पाणी जड आहे, उन्हात लगेच डाग धरतं.

आणि आधी आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा) मारावा का, तो कणांना लागला की जांभळा होतो तो? म्हणजे मातीला काम कमी उरेल. काळ्या रंगावर कुणी स्वतः केलं असेल तर सांगा, नंतर पॉलिश करावंच लागलं की नुसत्या वॅक्सवर भागलं? दसऱ्याआधी उरकायचंय.