दाजीपूरच्या जंगलात अस्वल आणि दगडफूल यांना एकाच मापाने मोजावे का?

शाहूपुरीकर : राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाचा विषय निघाला की आपण गवा आणि अस्वल यांच्यापलीकडे जात नाही. माझे मत असे, की झाडांच्या सालीवर वाढणाऱ्या दगडफुलाची काळजीही अस्वलाइतकीच घेतली पाहिजे. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून घडलेल्या या जीवाला मुळे नसतात. पाणी आणि क्षार तो बहुतांशी हवा-पावसातूनच घेतो, त्यामुळे सल्फर डायऑक्साइड वाढला की त्याच्या नाजूक जाती लवकर नाहीशा होतात. त्याची लागवड होत नाही आणि वाढ वर्षाला काही मिलिमीटरच. मसाल्यासाठी साल खरवडून घेतलेली फांदी पुन्हा कधी भरणार?

गगनबावडेकर : ही तुलनाच मला पटत नाही. अस्वल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते उगाच नव्हे. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात नसल्यामुळे पडलेल्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेते, जांभूळ-उंबर खाऊन त्यांच्या बिया विष्ठेतून लांबवर पोहोचवते. मादीला बहुधा एक-दोन पिल्ले होतात आणि ती दोन वर्षांहून अधिक काळ तिच्यामागे असतात. एक मादी गेली की नुकसान पुढची कित्येक वर्षे भोगावे लागते. शिवाय रानमेवा गोळा करायला गेलेल्या माणसाची अस्वलाशी अचानक गाठ पडली, तर जखमा बहुधा चेहऱ्यावर आणि डोक्यावर होतात. दगडफुलामुळे कुणाचा डोळा जात नाही. पैसा आणि माणसे अपुरी असताना ती आधी अस्वलाकडेच वळवली पाहिजेत.

मंगळवार पेठेतील वाचक : वरून राखाडी, खालून काळे असे ते पापुद्रे तेलात परतल्यावर जो वास सुटतो, त्याशिवाय आमच्या घरचा मसाला होत नाही. तरीही घरोघरच्या चिमटीला दोष देण्यापेक्षा जंगलातून ते कसे काढले जाते, हे पाहावे.

शाहूपुरीकर : माणसाच्या जिवाचा प्रश्न आधी, हे मी निःसंकोच मान्य करतो. परंतु दगडफुलासाठी मी पैसा मागतच नाही. गळून पडलेल्या फांद्यांवरचेच गोळा करावे, उभ्या झाडाची साल खरवडू नये आणि जुनी झाडे तोडू नयेत, एवढ्या नियमाने अस्वलाच्या वाट्याचे काय कमी होते?

गगनबावडेकर : जुन्या झाडांचा नियम मला मंजूर आहे, कारण त्यांच्या ढोलीतला मध अस्वलालाही लागतो. ‘अस्वलाइतकीच’ हा शब्द मात्र मी अजूनही मान्य करणार नाही.