मर्थर टिडफिल: अटलांटाला हरवणारा क्लब नेमका कोणता?

ऑफसाइड_पांडू

जुन्या युरोपियन स्पर्धांचे निकाल चाळत बसायचा मला नाद आहे. काल १९८७-८८ च्या कप विनर्स कपच्या (देशोदेशीच्या कपविजेत्यांची युरोपियन स्पर्धा) पहिल्या फेरीत अडकलो. मर्थर टिडफिल २, अटलांटा १. इटलीतल्या बर्गामोचा अटलांटा ठाऊक आहे. मर्थर टिडफिल काय प्रकार आहे म्हणून शोधायला गेलो तर गुंता वाढतच गेला.

गाव वेल्समधलं, पण क्लब खेळायचा इंग्लंडच्या लीगमध्ये. १९८५ च्या हायजेल स्टेडियममधल्या दुर्घटनेनंतर इंग्लिश लीगमधल्या क्लबांना युरोप बंद होतं ना? मग हे कसे शिरले? आणि आज त्या नावाचा क्लबच दिसत नाही, मर्थर टाउन नावाचा आहे. बरं, १९२० च्या दशकातल्या इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या तक्त्यांमध्येही मर्थर टाउन आहे! हा एकच क्लब आहे, दोन आहेत की तीन? कोणी उलगडून सांगेल का?

खोऱ्यातला_डॉक्टर

क्लब तीन, मैदान एक. एवढं धरून ठेवा, बाकी सुटत जाईल.

मी १९८४ मध्ये मर्थरला सहा महिन्यांच्या नोकरीवर आलो आणि निवृत्त इथूनच झालो, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी उच्चार. इंग्रजीत मर्थर टिडफिल. वेल्श बोलणारे 'मेर्थिर तिदविल' म्हणतात, कारण त्यांच्याकडे एकटा एफ आला की त्याचा 'व' होतो. दंतकथा अशी की टिडफिल ही पाचव्या शतकातली राजकन्या, धर्मासाठी मारली गेली, आणि तिच्या नावावरून गाव. म्हणून क्लबचं टोपणनाव मार्टर्स. आपल्या भाषेत हुतात्मे. क्लबचा पुढचा इतिहास बघता हे नाव ठेवणाऱ्याची जीभ काळी असावी.

पहिला क्लब मर्थर टाउन. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासूनचा. हे गाव एकेकाळी लोखंडासाठी जगभर नावाजलेलं. कवार्थवा, डाऊलेस, पेनअडॅरन, प्लिमथ असे चार मोठे लोखंडाचे कारखाने एका खोऱ्यात. १९२० मध्ये फुटबॉल लीगने तिसरा डिव्हिजन काढला तेव्हा मर्थरला जागा मिळाली. पण त्याच दशकात कोळसा आणि लोखंड दोन्ही बसलं. हाताला काम नाही, तर तिकिटाला पैसे कुठून येणार? १९२९-३० च्या हंगामात ४२ सामन्यांत १३५ गोल खाऊन क्लब तळाला गेला. तेव्हा आजच्यासारखी आपोआप घसरण नसायची. तळाच्या क्लबांनी बाकीच्यांपुढे हात जोडायचे आणि मतं मागायची. मर्थरला मतं मिळाली नाहीत, जागा गेली लंडनच्या थेम्स नावाच्या क्लबला. त्या थेम्सच्या एका सामन्याला फक्त ४६९ माणसं आली होती, आणि दोन वर्षांत त्यांनीही गाशा गुंडाळला. मर्थरमधले म्हातारे ही गोष्ट सांगताना अजून हसतात, पण ते हसू गोड नाही. १९३० मध्येच डाऊलेसचं पोलादाचं कामही जवळपास थांबलं. १९३४ मध्ये मर्थर टाउन संपला.

दुसरा क्लब मर्थर टिडफिल, स्थापना १९४५. मैदान तेच, पेनअडॅरन पार्क. युद्धानंतर लोक खेळासाठी भुकेले होते. १९४८ ते १९५४ या सात हंगामांत या क्लबने सदर्न लीग (फुटबॉल लीगच्या खालची इंग्लंडची लीग) पाच वेळा जिंकली, १९४९ आणि १९५१ मध्ये वेल्श कपही. तरी फुटबॉल लीगचं दार काही उघडलं नाही. नंतर चढउतार. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जॉन चार्ल्स इथे खेळाडू-मॅनेजर होता. हो, इटलीत युव्हेंटसकडून खेळलेला तोच जॉन चार्ल्स.

आता तुमच्या निकालाकडे. वेल्सचा फुटबॉल संघ वेगळा, असोसिएशन वेगळी, १८७६ पासूनची. क्लब कोणत्या देशाच्या लीगमध्ये खेळतो याला युरोपात जाण्यासाठी महत्त्व नव्हतं, वेल्श कप जिंकला की कप विनर्स कपमध्ये जागा. बंदी इंग्लिश असोसिएशनच्या क्लबांवर होती, वेल्सवर नव्हती. म्हणजे लिव्हरपूल घरी आणि सदर्न लीगमधलं मर्थर युरोपात! १९८७ चा वेल्श कप त्यांनी न्यूपोर्ट काउंटीला हरवून घेतला. अंतिम सामना २-२, मग पुन्हा खेळवला तेव्हा १-०.

१६ सप्टेंबर १९८७. माझा एक पेशंट होता, निवृत्त खाणकामगार, फुप्फुसात कोळशाची धूळ बसलेली. दवाखान्याच्या चार पायऱ्या चढला की कठडा धरून उभा राहायचा. त्याला सामन्याला जायचंच होतं. मी नको म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा दोन तिकिटं घेऊन आला. 'डॅड म्हणतात, तुम्हीच सोबत चला, म्हणजे काळजी नको.' मला तोवर फुटबॉलमधलं ऑफसाइडसुद्धा धड कळत नव्हतं, क्रिकेटवर वाढलेला माणूस मी.

मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. आपले खेळाडू दिवसा नोकऱ्या करणारे आणि संध्याकाळी सराव करणारे, मॅनेजर लिन जोन्स. समोर इटलीचा पूर्ण व्यावसायिक संघ, त्यांच्याकडे स्वीडनचा ग्लेन स्ट्रॉमबर्ग. केव्हिन रॉजर्सने गोल केला आणि माझ्या शेजारचा म्हातारा असा ओरडला की त्याला धापच लागली. मग प्रोन्याने बरोबरी केली आणि त्याचा श्वास जागेवर आला. त्यानंतर मी त्याचा इन्हेलर माझ्याच खिशात घेतला.

सामना संपत आलेला. त्याचा चेहरा मला ठीक दिसेना. मी त्याच्याकडे वळून ओठांचा रंग बघत होतो, इन्हेलर हलवून त्याच्या हातात देत होतो, तेवढ्यात डोक्यावर आकाश कोसळावं तसा आवाज झाला. केरी विल्यम्सचा गोल. मर्थरच्या इतिहासातला सर्वात मोठा गोल माझ्या पाठीमागे झाला आणि मी तो पाहिला नाही. म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावरून पाहिला. ओठ निळसर, डोळ्यांत पाणी, आणि मला म्हणतो, 'डॉक्टर, यू मिस्ड इट!' पुढची सहा वर्षं, म्हणजे तो गेला तोवर, दर तपासणीला त्याने मला हे ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओपीडीत निम्मे पेशंट घसा बसला म्हणून आले होते. एकालाही औषध दिलं नाही.

परतीचा सामना बर्गामोला, २-० हरले. एकूण ३-२ ने बाहेर. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो, कारण इथले लोक ती गाळतात. अटलांटा त्या वर्षी सेरी बी मध्ये, म्हणजे इटलीच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरलेला होता. इटालियन कपच्या अंतिम सामन्यात नापोलीकडून हरला होता, पण नापोली लीगविजेता असल्यामुळे मोठ्या कपात, म्हणजे लीगविजेत्यांच्या युरोपियन कपात गेला आणि याला ही जागा मिळाली. म्हणून विजय लहान होत नाही. हाच अटलांटा पुढे उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तिथे बेल्जियमच्या मेखेलेनकडून हरला, ज्यांनी शेवटी कप नेला.

तिसरा क्लब. २०१० मध्ये कर्जापायी मर्थर टिडफिल बुडाला. 'मार्टर्स टू द कोर' ही चाहत्यांची संस्था होती, तिने नवा क्लब उभा केला आणि नाव घेतलं जुनं, मर्थर टाउन. शिक्षा म्हणून तीन पायऱ्या खाली, वेस्टर्न लीगच्या खालच्या डिव्हिजनमधून सुरुवात. पहिलं वर्ष पेनअडॅरन पार्कही हातात नव्हतं, खोऱ्यात बरंच खाली टॅफ्स वेलला पाहुण्यासारखं खेळावं लागलं. २०११ मध्ये घरी परतले. मालक चाहतेच. २०२५ मध्ये सदर्न लीग जिंकून नॅशनल लीग नॉर्थमध्ये गेले आहेत.

तेव्हा अटलांटाला हरवलं ते दुसऱ्याने. पण हा फरक गावातल्या कोणाला समजवायला जाऊ नका. मी एकदा गेलो होतो.

रुळावरचा_बाबू

डॉक्टर, पेनअडॅरन म्हणजे रिचर्ड ट्रेव्हिथिकचंच ना? २१ फेब्रुवारी १८०४, वाफेच्या इंजिनाने रुळावरून १० टन लोखंड आणि वर ७० माणसं पेनअडॅरनहून ॲबरकननपर्यंत ओढून नेली. नऊ मैलांहून जास्त अंतर, चार तासांच्या वर वेळ. इंजिन चाललं, पण त्याच्या वजनाने खालचे बिडाचे रूळ तुटायचे, म्हणून बेत बारगळला. मी हे नाव फक्त त्या संदर्भात ऐकलं होतं. तिथे फुटबॉल चालतो हे आज कळलं.

खोऱ्यातला_डॉक्टर

तेच पेनअडॅरन. मैदान मात्र कारखान्याच्या जागी नाही, एका मोठ्या बंगल्याच्या आवारातलं आहे. आणि त्याहून जुनी गंमत म्हणजे गवताखाली रोमन किल्ला आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे खोदकामात अवशेष निघाले. पाहुण्या संघाचा गोलकीपर चेंडू आणायला उगाच रेंगाळला की मागून कोणीतरी ओरडतं, 'रोमनसुद्धा यापेक्षा लवकर गेले!' दर हंगामाला एकदा तरी होतं. दर वेळी हसतात.

लेफ्ट_बॅक_नं३

सगळं छान, पण वेल्सच्या क्लबांत इटलीच्या क्लबला हरवणारं मर्थर पहिलं नव्हे. बँगर सिटीला विसरू नका! १९६२ मध्ये चेशायर काउंटी लीगमध्ये खेळणाऱ्या बँगरने नापोलीला घरी २-० हरवलं. नेपल्सला ३-१ हरले. एकूण ३-३. बरोबरी झाली की परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे, या नंतरच्या नियमाने बँगर पुढे गेलं असतं. पण तो नियम तेव्हा आलाच नव्हता! तिसरा सामना लंडनला हायबरीवर झाला आणि बँगर २-१ हरलं. वर नियतीचा विनोद बघा, १९८५ मध्ये नॉर्वेच्या फ्रेडरिकस्टाडला त्यांनी हरवलं ते त्याच नियमावर, १-१ आणि ०-०. पुढच्या फेरीत अटलेटिको माद्रिद.

आणि डॉक्टर, एक टोचणारा प्रश्न. १९९२ मध्ये वेल्सने स्वतःची लीग सुरू केली तेव्हा मर्थरवाले आले नाहीत. वेल्सच्या कपावर युरोप बघायचं आणि वेल्सच्या लीगला पाठ दाखवायची, हे कसं?

खोऱ्यातला_डॉक्टर

बँगरचं मान्य. मोठेपणा त्यांचा. त्यांचं फॅरर रोडचं मैदान पाडून तिथे सुपरमार्केट झालं हे आठवलं की मला पेनअडॅरन पार्कची किंमत कळते.

१९९२ चं म्हणाल तर एकटं मर्थर नव्हतं. आठ क्लबांनी नकार दिला होता, तुमचं बँगरही त्यात होतं. नंतर वळले ते वळले. काहींना तर घरचे सामने सीमेपलीकडे इंग्लंडमध्ये खेळावे लागले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. असोसिएशनची भीतीही खोटी नव्हती. चार ब्रिटिश देशांना चार वेगळे संघ कशाला, असं बाहेरून विचारलं जायचं, आणि स्वतःची लीग नसलेल्या देशाने काय उत्तर द्यायचं?

पण मर्थरच्या बाजूने बघा. तेव्हा आम्ही कॉन्फरन्समध्ये होतो, फुटबॉल लीगच्या एक पायरी खाली. १९३० मध्ये गेलेली जागा डोळ्यांसमोर दिसत होती. आणि नकाशा काढून बघा, या खोऱ्यांतले रस्ते आणि रेल्वे उत्तर-दक्षिण जातात. इथून ब्रिस्टल जवळ, बँगर लांब. उत्तर वेल्सला जायचं तर डोंगरातून अख्खा दिवस.

किंमत मात्र मोजली. इंग्लंडच्या लीगमध्ये राहिलेल्या क्लबांना १९९५ नंतर वेल्श कप बंद झाला. म्हणजे युरोप बंद. १९८७ सारखी रात्र मर्थरला पुन्हा येणार नाही, निदान त्या वाटेने तरी नाही. निर्णय बरोबर होता का? मला वाटतं, चुकला. गावात हे मोठ्याने बोलत नाही.

ऑफसाइड_पांडू

डॉक्टर, मनापासून आभार. एक राहिलं. तो केरी विल्यम्सचा गोल तुम्ही नंतर तरी पाहिलात का? आणि कधी तिकडे आलो तर कुठे उभा राहू?

खोऱ्यातला_डॉक्टर

पाहिला, चित्रफितीत, दहा-बारा वेळा तरी. म्हाताऱ्याच्याच घरी, त्याच्याच टीव्हीवर. प्रत्येक वेळी गोलच्या आधी तो फीत थांबवायचा आणि प्रेक्षकांमध्ये माझी पाठ शोधायचा. कधी सापडली नाही.

उभं छपराखाली राहा. पाऊस येतो.