मदत हवी आहे: थंडीतून पळ काढायचाय, पण किनारा कुठला निवडू?

मंडळी, जानेवारीच्या शेवटी नऊ-दहा दिवस सहकुटुंब उबेला जायचंय. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर मजेत चालतात, पण वाळूत आणि जिन्यावर जीव मेटाकुटीला येतो.

आधी मागची फजिती सांगते, म्हणजे "तापमान बघून ठरवा" असा सल्ला कोणी देणार नाही. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही थायलंडमध्ये को समुईला गेलो होतो. डिसेंबरात थायलंड कोरडं असतं असं वाचलं होतं, आणि ते खोटंही नाही. फक्त ते फुकेतच्या, म्हणजे अंदमान समुद्राच्या बाजूचं आहे. समुई पलीकडच्या आखातात. तिथे ईशान्य मोसमी वारे ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस घेऊन येतात. हे ज्ञान आम्हाला तिथे पोचल्यावर प्राप्त झालं. पाच दिवसांपैकी चार दिवस किनाऱ्यावर लाल बावटा, म्हणजे पाण्यात उतरायला मनाई. धाकटी सकाळी उठली की पोहायचा चष्मा चढवून काचेच्या दाराला नाक लावून उभी राहायची. श्वासाने काच धुरकटली की तळहाताने पुसायची आणि पुन्हा नाक. बाहेर गारठा अजिबात नव्हता, बरं का.

त्यामुळे यंदा अभ्यास करून यादी केलीय: मालदीव, फुकेत किंवा क्राबी, मेक्सिकोतलं कॅनकुन, मॉरिशस. बालीला आधीच फुली मारली, कारण तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. उरलेल्यांत या गोतावळ्याला काय झेपेल? पाण्यावरच्या व्हिलाचे फोटो बघून नवरा आणि मुलगा पार वेडे झालेत, मला मात्र चार वर्षांची मुलगी आणि ते उघडे कठडे दिसतात. नवऱ्याला स्कूबाही (पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात बुडी) करायचंय. आणि मुख्य म्हणजे ही सुट्टी खरंच आरामाची व्हायला हवी. गेल्या वेळी रोज सकाळी "आज काय करायचं" यावर तासभर बैठक भरायची आणि सगळे रुसून उठायचे.

भरती_ओहोटी:
मॉरिशस काढून टाका. बेट सुंदर आहे, पण ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे जानेवारीत तिथे उन्हाळा. जानेवारी ते मार्च हेच तिथले पावसाचे आणि चक्रीवादळाच्या धोक्याचे महिने. वादळ येईलच असं नाही, पण समुईचा अनुभव गाठीशी असताना जुगार कशाला?

मालदीवला जानेवारी ते एप्रिल हा सगळ्यात कोरडा काळ. समुद्राचं पाणी २८ अंशांच्या आसपास, आजी-आजोबाही उतरतील. मात्र सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जायचं बेट घेऊ नका. ती विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं मोठं विमान दुपार कलल्यावर उतरलं की रात्र राजधानी मालेत काढावी लागते, दोन मुलं आणि सगळ्या बॅगांसकट. शिवाय चढायला अरुंद शिडी असते. विमानतळावरून स्पीडबोटने जाता येईल असं जवळचं बेट बघा, आणि सासूबाईंना बोटीत मागच्या बाजूला बसवा. पुढे फार आपटते.

पाण्यावरच्या व्हिलाबद्दल तुमची भीती रास्त आहे. पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. बऱ्याच रिसॉर्टमध्ये लहान मुलांना तिथे ठेवूच देत नाहीत. वाळूवरची व्हिला घ्या.

भटकभवानी:
मालदीवबद्दल थोडी असहमत. जोडप्याला स्वर्ग, अकरा वर्षांच्या मुलाला तुरुंग! बरीच बेटं पंधरा-वीस मिनिटांत फिरून संपतात. तिसऱ्या दिवशी तो विचारणार, आता काय? आणि तुमची बैठक पुन्हा सुरू.

कॅनकुनचं दोन्ही बाजूंनी सांगते. अटलांटिकचा वादळी मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे त्यातून तुम्ही सुटलात. किनाऱ्यावर ढिगाने येणारं सरगॅसम शेवाळही हिवाळ्यात बरंच कमी असतं. पण जानेवारीत उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट अधूनमधून येते, मग दोन-तीन दिवस समुद्र खवळलेला. हॉटेलांच्या मुख्य पट्ट्याचा पूर्वेकडचा भाग खुल्या समुद्राला तोंड करून आहे. तिथे लाटा आणि ओढ दोन्ही जोरदार. चार वर्षांच्या मुलीसाठी मी तो भाग घेणार नाही.

क्राबीत रायले किनाऱ्याचे फोटो बघून हुरळू नका. तिथे रस्ताच जात नाही. लांब शेपटीच्या नावेतून जायचं आणि बऱ्याचदा गुडघाभर पाण्यात उतरून किनाऱ्याला यायचं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला हे नको.

माझं मत: फुकेतच्या उत्तरेचं खाओ लाक. विमानतळ फुकेतचाच, पुढे गाडीने तास-दीड तास. फुकेतच्या गजबजलेल्या किनाऱ्यांपेक्षा बरंच शांत, वाळूचे लांबलचक पट्टे. सिमिलान बेटांच्या स्कूबाच्या बोटी तिथूनच सुटतात. ती बेटं पावसाळ्यात बंद असतात, जानेवारीत खुली. नवऱ्याची सोय झाली.

कोपऱ्यातली_खुर्ची:
वरच्या दोघांनी जागा सांगितल्या, मी खोल्यांचं सांगतो. तीन पिढ्यांची सुट्टी खोल्यांच्या मांडणीवर तरते किंवा बुडते. आतून जोडलेल्या दोन खोल्या हव्यात, त्या तळमजल्यावर हव्यात आणि तिथून पाण्यापर्यंत पायऱ्या किती, हे सगळं लेखी विचारा. बुकिंग करताना चौकटीत टिचकी मारली म्हणजे ती फक्त विनंती असते, हमी नव्हे. आम्ही टिचकीवर विश्वास ठेवला आणि आई-वडील तिसऱ्या मजल्यावर, आम्ही अंगणापलीकडच्या इमारतीत. चार दिवस फोनवरून गप्पा मारल्या.

स्कूबा पहिल्या अर्ध्यातच उरकून घ्या. शेवटच्या बुडीनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यायचे असतात, २४ ठेवले तर उत्तम. मुलगा अकराचा आहे ना? दहा वर्षांपासून मुलांना सुरुवातीचा कोर्स करता येतो, आधी वैद्यकीय प्रश्नावली भरावी लागते. त्याला गुंतवा, बैठकीतला एक सभासद कमी.

उन्हाचं हलक्यात घेऊ नका. तुमची कातडी महिनोन् महिने स्वेटरात असणार आणि तिथे दुपारी अतिनील निर्देशांक (ऊन किती भाजेल त्याचं माप) ११च्या वर, म्हणजे अतितीव्र पातळीला जातो. ढग असले तरी भाजतं. मुलांना पूर्ण बाह्यांचे पोहायचे कपडे, सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. अकरा ते तीन सक्तीची झोप. (ही झोप हाच आमच्या सुट्टीचा सर्वोत्तम भाग होता, मुलं काहीही म्हणोत.)

आणि डासांचं औषध दिवसाही लावा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार! मॉरिशस गेलं, कॅनकुनही गेलं. काल रात्री घरात मतदान झालं, मालदीव विरुद्ध खाओ लाक. मुलाने स्कूबाच्या कोर्सचं ऐकताच पक्ष बदलला. सासूबाईंनी नावेत चढावं लागणार नाही एवढंच विचारून मत दिलं. सासरे तटस्थ. "तिथे जाऊन करायचं काय?" म्हणाले. काही नाही, असं सांगितलं. त्यावर, "ते तर मी इथेही करतोच की."

तळमजल्यावरच्या जोडखोल्यांसाठी तीन ठिकाणी मेल टाकलेत. एकाचं उत्तर आलं: खोल्या आहेत, पण किनाऱ्यापर्यंत चौदा पायऱ्या, एका बाजूला कठडा. भटकभवानी, खाओ लाकला बागेतून उतार नसलेल्या वाटेने थेट वाळूपर्यंत जाता येईल असा पट्टा कुठला आहे? आणि जानेवारीत ओहोटीला पाणी किती मागे जातं? धाकटीने चष्मा आत्ताच शोधून ठेवलाय, म्हणून जरा घाई आहे.