सोमवारचा बाजार बुधवारपर्यंतच पुरतो. मधल्या दिवसांसाठी गटाने भाजीचं दुकान टाकावं का?

गटसचिव_पारशिवनी

पारशिवनी तालुक्यातलं, जंगलाला लागून असलेलं गाव. घरं १४०, माणसं ६०० च्या आसपास. आठवडी बाजार सोमवारी, ९ किलोमीटरवर. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. गावात किराण्याची दोन दुकानं आहेत. तिथं आलू, कांदे, सोयाबीन वडी, बिस्किटं, पाच रुपयांचे कुरकुरे, सगळं मिळतं. हिरवं पान मात्र मिळत नाही. रेशनचं धान्य येतं, उपाशी कोणी नाही. पण सोमवारची भाजी बुधवारी संपते आणि गुरुवार ते रविवार वरण-भात, आलू नाहीतर चटणी. मे महिन्यात तर मंगळवारीच सांबार, म्हणजे कोथिंबीर, काळा पडलेला असतो.

गटात १२ जणी आहेत. दर गुरुवारी एक फेरी करून गावात भाजी विकायचा विचार आहे. पहिल्या फेरीला माल किती घ्यावा, कुठून घ्यावा, उरला तर ठेवावा कसा, आणि उधारीचं काय? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी आकड्यांत सांगावं.

पहाटेचा_कॉटन_मार्केट

ताई, ६०० माणसांचा हिशेब करू नका, घरांचा करा. पोषणाच्या तक्त्याप्रमाणे माल भरला तर निम्मा फेकावा लागेल. १४० पैकी ६० घरं घेतील आणि घरटी पाऊण-एक किलो नेतील असं धरा. म्हणजे ५० किलोच्या आत सुरुवात.

माल असा: आलू १०, कांदे १०, टमाटर ६, वांगी ५, पत्ताकोबी ४, भेंडी ३, दोडके किंवा लौकी ३, लसूण १, हिरवी मिरची १, अद्रक अर्धा किलो. पालक-मेथीच्या १५ जुड्या आणि सांबाराच्या २०. जुड्यांचं वजन सहा-साडेसहा किलो होतं. एकूण ५० च्या जवळ. आलू-कांदे किराणावाल्याकडे असले तरी ठेवा. पालेभाजीचा तोटा तेच भरून काढतात.

आता जिथं बहुतेक गट बुडतात ते. समजा खरेदी सरासरी २४ रुपये किलोने १२०० झाली. गाडी ३००, हमाली आणि पोती ६०. एकूण १५६०. लोक याला ५० ने भागतात, ३१ रुपये २० पैसे येतात, आणि ३५ ला विकून खूश होतात. पण विकला जाणारा माल ५० किलो नसतोच. सडका टमाटर, कोबीची वरची पानं, सुकलेली जुडी, वाटे लावताना हात सैल सुटतो ते, असं मिळून सहा किलो तरी जातो. १५६० भागिले ४४ म्हणजे साडेपस्तीस. ३५ ला विकलं तर घरचं गेलं. तेव्हा भागाकार नेहमी विकल्या जाणाऱ्या किलोने करा, आणलेल्या किलोने नाही.

खरेदी कुठं? एवढ्याशा मालासाठी नागपूरला कॉटन मार्केट किंवा कळमन्याच्या भाजीबाजारात येऊ नका, गाडीभाडंच खाऊन टाकेल. गुरुवारी तुमच्या जवळपास कुठं बाजार भरतो ते बघा. पण 'उतरता बाजार' म्हणून संध्याकाळी स्वस्तात पालेभाजी उचलू नका. ती जुडी सकाळपासून उन्हात पाणी शिंपडून उभी ठेवलेली असते. रात्री पोत्यात घातली की आतून तापते आणि सकाळी चिकट निघते. उतरत्या बाजारात कोहळं, कोबी, आलू घ्या. पाला सकाळीच.

आणि काटा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैध मापन खात्याचा शिक्का दरवर्षी मारून घ्यावा लागतो. विकताना मात्र दहा-दहा रुपयांचे वाटे लावा. मजुरी करून आलेली बाई पाव किलोचा भाव विचारत बसत नाही, वाटा बघते.

शिधा_आणि_शाळा

'रेशन येतं' यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. २०२३ पासून तेही फुकट. पण ते गहू आणि तांदूळ. अंत्योदयला एक किलो साखर वेगळी. डाळ नियमित नाही, भाजी तर प्रश्नच नाही. पोट भरतं, ताट भरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जे ताट सांगितलं त्यात दिवसाला माणशी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. तुमच्या गावाला ते २४० किलो रोजचे होतात. वरच्या भाऊंनी ५० किलो आठवड्याचे सांगितले, आणि व्यवहार म्हणून ते बरोबरच आहे. मधली दरी केवढी आहे तेवढं बघून ठेवा.

अमेरिकेत ग्रामीण भागात मोठं किराणा दुकान १० मैलांहून, म्हणजे १६ किलोमीटरहून लांब असेल तर तिथल्या कमी मिळकतीच्या वस्तीला 'अन्नाचं वाळवंट' धरतात. तो गज इथं लावला तर ९ किलोमीटरवर बाजार असलेलं तुमचं गाव सुखी ठरेल. तिथं माणूस गाडी काढतो आणि कुठल्याही दिवशी जातो. आपल्याकडे बाजार सोमवारीच असतो. म्हणून किलोमीटरपेक्षा दिवस मोजा. १० घरांत महिनाभर कॅलेंडर टांगा. ज्या दिवशी चुलीवर हिरवी भाजी चढली त्या तारखेला गोल करा, एवढंच. कोणते दिवस कोरडे आहेत ते दिसेल. फेरी गुरुवारी हवी की शुक्रवारी, तेही त्यावरूनच ठरवा.

पक्कं गिऱ्हाईक हवं असेल तर शाळा. पोषण आहारात पहिली ते पाचवीला मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम. पटावर ६० लहान मुलं असतील तर रोज तीन किलो. भाजीपाल्याचे पैसे शाळेकडे येतात, खरेदी गावातच होते. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोला. मात्र पैसे उशिरा येतात हे धरून चाला. शाळेची थकबाकी भांडवलाच्या चौथ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका.

परसातलं

मला दुकानाचा हा खटाटोप उलटा वाटतो. ज्या गावात शेती आहे तिथं भाजी बाहेरून का आणायची? पूर्वी पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, बरबटी (चवळी), अंबाडी, तूर असायची. बांधावर तरोटा, घोळ, चिवळ या रानभाज्या. तणनाशक आलं आणि बांध साफ झाले. काटोल-नरखेडकडे बघा, चहूकडे संत्री आणि घरात भाजी बाजाराची.

जूनमध्ये घरटी १० फूट बाय १० फूट जागा घ्या. पालक, चवळाई, मेथी यांचे छोटे वाफे, दर १० दिवसांनी एक पेरायचा, सगळे एकदम नाही. एकदम पेरलं की एका आठवड्यात ढीग आणि नंतर महिनाभर काही नाही. चवळाई आणि मेथी २५ ते ३० दिवसांत हाती येते. भर पावसात मेथी सडते, तेव्हा ती सप्टेंबरनंतर. कुंपणाला दोडके आणि वाल, कोपऱ्यात शेवगा. शेवग्याचा शेंडा तीन फुटांवर खुडा, नाहीतर झाड उंच जातं आणि पाला हाताला येत नाही. न्हाणीचं पाणी चालेल. कपड्यांच्या सोड्याचं पाणी नको, जमीन खारवते.

विटा_वाळू_पाणी

परसबाग एप्रिल-मेमध्ये काय पिते? जिथं प्यायचं पाणी टँकरचं, तिथं वाफा कोण भिजवणार? दोन्ही लागतं, ऋतू वेगळे.

माल ठेवण्याचा उपाय: विनावीज शीतकक्ष. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेला आहे, गवंडी लागत नाही. सावलीत, वारा खेळेल अशा जागी विटांचा तळ टाका, १६५ सेंटीमीटर लांब, ११५ रुंद. त्यावर दुहेरी भिंत, उंची साडेसदुसष्ट. दोन भिंतींमध्ये साडेसात सेंटीमीटर फट, तीत नदीची स्वच्छ वाळू. विटा सुमारे ४००. वर बांबूच्या चौकटीवर गवताचं किंवा वाळ्याचं झाकण. वाळू आणि विटा सकाळ-संध्याकाळ भिजवायच्या. यात १०० किलो माल बसतो आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी उतरतं.

चुका कुठं होतात: वाळूत माती असली की फट गच्च होते आणि पाणी खाली उतरत नाही. विटा फार भाजलेल्या घेतल्या तर पाणी शोषत नाहीत. आलू, कांदे, लसूण आत ठेवला तर दमटपणाने कोंब फुटतात. ते बाहेर बांबूच्या मचाणावर. सांबार धुऊन ओला ठेवायचा नाही, पाणी झटकून ओल्या गोणपाटात सैल गुंडाळा. आणि हा कक्ष नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यासाठी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली असते, पाणी उडत नाही, गारवा येत नाही, वर बुरशी धरते. पावसाळ्यात तो रिकामा करून वाळू उपसून वाळवा. तेव्हा परसात भाजी असतेच.

गटसचिव_पारशिवनी

मग ठरलं असं समजू: मार्च ते जून फेरी आणि कक्ष, पावसाळ्यात परसबाग, शाळेशी आजच बोलते. उधारीबद्दल कोणी काही लिहिलं नाही. इथं धान निघाल्यावरच पैसा येतो.

पहाटेचा_कॉटन_मार्केट

राहूनच गेलं. घरामागे १०० रुपयांची मर्यादा, आणि वहीत नाव बाईचं लिहा, घरधन्याचं नाही. भाजी तीच नेते, हिशेब तिच्याच डोक्यात असतो. १०० झाले की पुढचा वाटा रोखीने, अध्यक्षीणबाईंच्या जावेलासुद्धा. एकीला सोडलं की दुसऱ्या गुरुवारी वही भरते. पैशाऐवजी तांदूळ द्यायला कोणी आलं तर शेताचा घ्या, त्या दिवशीच्या बाजारभावाने आणि मोजून. रेशनचा तांदूळ मात्र घेऊ नका, त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे आणि गट गोत्यात येतो.

पहिले चार गुरुवार रात्री उरलेला माल प्रकारवार तोलून लिहा. पाचव्या गुरुवारची यादी त्या वहीवरूनच करा. माझा अंदाज, भेंडी कमी कराल आणि सांबार वाढवाल.