पिशवी काढायच्या आधी

ताई, अ‍ॅडेनोमायोसिस (गर्भपिशवीचं अस्तर तिच्याच स्नायूत शिरून वाढतं तो आजार) म्हटल्यावर 'पिशवी काढूनच टाका' हे तुम्हाला सांगितलं तसं मलाही सांगितलेलं, वय ४१, आणि अंगावर इतकं जायचं की देवगड-रत्नागिरी एसटीत बसायचं म्हणजे काळा ड्रेस नि खाली जुना टॉवेल. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मिरेना (गर्भपिशवीत बसवायचं हार्मोनचं छोटं साधन) बसवली. ही तांबी नव्हे बरं का, तांबीने उलट जास्त जातं, हिच्यात ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन असतं ते रोज थोडं थोडं आत सुटतं आणि अस्तर पातळ राहतं. पहिले चार महिने मात्र डाग काही थांबेनात, ऐन गणपतीत वैताग, सासूबाई म्हणे काढून टाक ती, पण पाचव्या महिन्यापासून सुटले एकदाची. ती नको असेल तर डायनोजेस्ट या हार्मोनची २ मिलिग्रॅमची रोजची गोळी असते, ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड (रक्त कमी जावं म्हणूनचं औषध) फक्त पाळीच्या दिवसांत (कधी पायात वगैरे रक्ताची गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा). ल्युप्रोलाइडची (पाळी तात्पुरती बंद करणारी) इंजेक्शनं नुसती तीच सहा महिन्यांच्या वर सहसा देत नाहीत, हाडं विरळ होतात. आणि हिमोग्लोबिन तपासा आधी, माझं ७ होतं! बीट नि खजुराने नाही भरून येत ते, लोहाच्या गोळ्याच लागल्या.